पुलापलीकडची भट्टी

आमची आत्या पाववाली. सगळा जन्म भट्टीसमोर गेला, पण तिला कधी चटका बसला नाही. चटके ती इतरांना द्यायची, तोंडानं. व्यवहाराला मात्र सरळ. कामगारांच्या पगारातून राज्याचा कर कापायची आणि लगोलग सरकारात भरायची. "हे पैसे माझे नाहीत नि त्यांचेही नाहीत. वाटेवरचे आहेत," म्हणायची.

मग तिनं पुलापलीकडं दुसरी भट्टी घेतली. पूल म्हणजे हद्द. अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं. पहिल्याच दिवशी शाळेचे पाव मधल्या सुट्टीपर्यंत द्यायचं कबूल करून बसली. भट्टी पेटली, पाव करणारा पगारी उस्ताद बाह्या सारून परातीशी उभा राहिला, आणि दारात कर खात्याचा साहेब हजर!

"या राज्यात तुमची नोंदणी कुठंय?"

"अहो, कर भरते की! सगळा, वेळेवर."

"तिकडच्या सरकारला. हात इथं राबणार, तर कपातही इथंच जमा व्हायची. नोंदणीचा क्रमांक येईपर्यंत पगारी माणसानं पिठाला हात लावायचा नाही."

आत्याचं तोंड उतरलं. पहिल्याच दिवशी शाळा हातची गेली, तर ही भट्टी पेटून काय उपयोग? तिनं तिथंच उभ्याउभ्या मोबाइलवरून अर्ज भरला.

"क्रमांक कधी येईल?"

"आज येईल. कधी, ते मलाही ठाऊक नाही."

"आणि बिनपगारी माणसं चालतात का?"

साहेब घोटाळला. "मालकीण, तिचा नवरा, सासू... चालतात."

"अहो, ऐकलंत का!" आत्या अशी ओरडली की रस्त्यावरचे लोक थांबले. "बाह्या सारा!"

मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, जन्मात पीठ मळलं नव्हतं. ते परातीशी झोंबायला लागले. सासूबाई गोळे करायला बसल्या, आत्या भट्टीशी. बाहेर खिडकीपाशी उस्ताद तळमळत होता.

"पाणी कमी! मामा, कुस्ती नाही ती, मळा!"

"उस्ताद, शिकवणं हेही काम आहे," साहेब म्हणाला. "गप्प!"

उस्तादानं हात काखेत कोंबले, पाठ फिरवली आणि समोरच्या विजेच्या खांबाशी बोलायला लागला. "काय रे, अशा वेळी भट्टीचं दार उघडं टाकावं का माणसानं?"

आत्यानं धाडकन दार लावलं. गर्दी खो खो हसली. साहेबालाही हसू आवरेना. "खांबाशी गप्पा मारायला कायदा आड येत नाही," तो म्हणाला.

निम्मे पाव भाजून झाले, तेवढ्यात आत्याचा मोबाइल वाजला. क्रमांक आला! उस्तादाला दार लांब वाटलं. तो खिडकीतूनच आत उतरला. मामांना खांद्यानं बाजूला सारलं, परातीत बघितलं. "हे पीठ आहे की गिलावा?"

पण हात असे चालले त्याचे! शाळेची घंटा झाली तेव्हा टोपल्या फाटकात होत्या, पाव अजून वाफाळत होते.

संध्याकाळी उस्तादानं हात पुढं केला. "आजचा पगार?"

"क्रमांक आल्यापासूनचा. कर कापून, इथल्या सरकारचा."

"आणि खिडकीबाहेरचा?"

"तो खांबाकडं माग."

कोपऱ्यात पिठानं पांढरेफटक झालेले मामा दंड चोळत बसले होते. "आणि माझा गं?"

"तुम्हाला दिला, तर उद्या साहेब परत येईल."