शेवाळी आणि डाळिंबी

रंगमावशींचं खरं नाव मैदानावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. दिवसभर त्या रंगाच्या दुकानात शेड जुळवून द्यायच्या. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं, "अगदी हाच हवा" म्हणायचं, आणि मावशी तो पोपडा दारातल्या उजेडात धरून बघायच्या. डब्यात रंग सोडायला मशीन होतं, पण मशीनवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. शेवटचा काळ्याचा थेंब त्या स्वतःच्या अंदाजानेच टाकत. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की नखांतल्या रंगासकट त्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर हजर.

तिथे सगळ्यात लहान मुलांचा कारभार त्यांच्याकडे होता, म्हणजे सात-आठ वर्षांच्या. मुलगा खेळायचा म्हणून त्या मैदानावर यायला लागल्या होत्या. मुलाने फुटबॉल सोडला, घरही सोडलं, नोकरीच्या गावी बिऱ्हाड थाटलं. मावशी मात्र येतच राहिल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "माझी लिफ्ट निदान वर-खाली तरी जाते, तुझा क्लब आहे तिथेच आहे." मावशी त्याच्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत.

आता सात-आठ वर्षांच्या पोरांची स्पर्धा म्हणजे खरी स्पर्धा त्यांच्या आईबापांची, हे मैदानावर चार दिवस उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. म्हणून लहानांसाठी क्लबने नियम करून ठेवले होते. दोन्ही बाजूंना चार-चार पोरं, छोटं मैदान. गोल किती झाले ते लिहायचं नाही. प्रत्येक मूल निम्मा वेळ तरी खेळलंच पाहिजे, मग ते चेंडूच्या मागे धावो की फुलपाखराच्या. पालकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं. टाळ्या वाजवायला मुभा, सूचना द्यायला बंदी. हंगामाच्या आधी निवड चाचणी व्हायची. पोरांच्या पाठीला नावाऐवजी आकडे लावायचे, तीन-चार प्रशिक्षकांनी नुसतं बघायचं, आणि मग दोन गट पाडायचे: एक तयार मुलांचा, एक अजून चेंडूशी ओळख व्हायची आहे अशांचा.

अडचण सगळी त्या दोन गटांच्या नावांत होती. पूर्वी एकाला सोनेरी आणि दुसऱ्याला रुपेरी म्हणत. सोनेरी गटातल्या एका मुलाच्या आजोबांनी गल्लीच्या तोंडाशी अभिनंदनाचा फलक लावला आणि रुपेरी गटातल्या आया महिनाभर सोनेरीतल्या आयांशी नीट बोलेनात. मग वाघ आणि ससे झाले. सशांनी पहिल्याच दिवशी भोकाड पसरलं. शेवटी मावशी म्हणाल्या, रंग द्या, आणि दर हंगामाला नवे द्या, म्हणजे कुठला रंग वरचा ते कुणाला कळणार नाही. दुकानात शेडची काय ददात! एका वर्षी मोतिया आणि पोपटी, एका वर्षी जांभळा आणि करडा. यंदा तयार मुलांचा डाळिंबी आणि दुसरा शेवाळी. कुठला कुठला हे फक्त निवड करणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माहीत, आणि कुणीही, काही झालं तरी, तोंड उघडायचं नाही, असं ठरलेलं होतं.

यंदा मावशींनी आणखी एक गोष्ट धसास लावली. क्लबातले सगळ्यात जुने प्रशिक्षक म्हणजे थोरले सर. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मोठमोठ्या संघांत खेळत होती, आणि ते दरवर्षी तयार मुलांचाच गट घ्यायचे.

"जे मूल चेंडू आला की डोळे मिटतं, त्याला सगळ्यात चांगला मास्तर नको का?" मावशी बैठकीत म्हणाल्या. "तयार पोरं काय, कुणाकडेही खेळतील."

"म्हणजे मी आता डोळे मिटणारे सांभाळू?" थोरले सर म्हणाले.

"तुम्हीच सांभाळू शकाल."

सरांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि ते कबूल झाले. स्तुतीने वळवायला ते फारसे अवघड नव्हते.

डाळिंबी गट मग मावशींच्या भाचीकडे आला. थोरल्या बहिणीची मुलगी. आधी ती एका व्यायामशाळेच्या काउंटरवर बसायची. प्रशिक्षकाची पहिली परीक्षा पास झाली आणि ती नोकरी सोडून मोकळी झाली. पुढच्या परीक्षेला बसायचं तर एक अख्खा हंगाम स्वतःचा गट सांभाळलेला असावा लागतो. कुणाच्या हाताखाली मदतनीस म्हणून केलेलं काम धरत नाहीत. म्हणजे सगळं या एका हंगामावर येऊन ठेपलेलं. बहिणीने फोन करून बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवते आहे हं तिला." मावशी म्हणाल्या होत्या, "मी आहे ना."

भाची शिकवायची झकास. ओरडायची नाही, पण तिने हात वर केला की बारा पोरं जागच्या जागी थांबायची. आठ दिवसांत तिला प्रत्येकाची खोड पाठ झाली. कुठे काही खोट काढावी असं नव्हतंच.

निवड करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त आईबापांना डोळे असतात, एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दोरीच्या मागे उभं राहून आईबापांनी हिशेब मांडला. शेवाळीला थोरले सर, डाळिंबीला कालची पोरगी. मग वरचा गट कुठला, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? त्यात आणखी एक भर पडली. डाळिंबीची पोरं तयार, म्हणून त्यांचे सामने तगड्या क्लबांशी लावलेले, आणि ती दर शनिवारी मार खाऊन येत. शेवाळीच्या गाठी नवख्या क्लबांशी, म्हणून ती निम्मे सामने जिंकत. गोल लिहायचे नाहीत हा नियम होता, पण मनात मोजायला कुणाची बंदी नव्हती. महिन्याभरात सगळ्यांची खात्रीच पटली.

पहिले आले दातांचे डॉक्टर. त्यांचा मुलगा अख्ख्या डाळिंबीत सरस होता. चेंडू एकदा त्याच्या पायाला लागला की सुटायचा नाही.

"मावशी, काहीतरी घोटाळा झालाय," डॉक्टर म्हणाले. "माझ्या मुलाला खालच्या गटात टाकलंय."

"डॉक्टर, खालचा-वरचा असं काही नसतं आपल्याकडे."

"ते माहितेय हो. पण त्याला शेवाळीत घ्या."

"तो खूश आहे का इथे?"

"तो खूशच आहे. त्याला काय कळतंय!"

मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. डॉक्टरांना एकट्याला बाजूला घेऊन कानात सांगावं, असंही वाटलं. पण दातांच्या डॉक्टरांचं ऐकणारा माणूस तोंड उघडं ठेवून पडलेला असतो, त्याला सगळं ऐकावंच लागतं. आठवड्यात ते गावभर झालं असतं. मावशींनी जीभ आवरली आणि डॉक्टर नाराज होऊन गेले. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं आले. मग एक मुलगी सरावाला यायचीच बंद झाली. एकाने दुसऱ्या क्लबात नाव घातलं, आणि जाताना आणखी दोघांना घेऊन गेला. क्लबच्या चिटणीसांनी मावशींना गाठलं. गटात पुरेशी मुलं उरली नाहीत तर गट मोडायचा, हा नियम मावशींनाही माहीत होता.

"पालकांची सभा लावू," चिटणीस म्हणाले. "तुम्ही समजावून सांगा. तुमचं ऐकतात."

सभेच्या आधी भाचीने मावशींना सामानाच्या खोलीत गाठलं. तिथे ओल्या बुटांचा वास भरून राहिलेला असायचा. ती जाळ्यांत चेंडू भरत होती.

"मावशी, तू सांगणार ना त्यांना?"

"काय?"

"खरं काय ते. डाळिंबी तयार मुलांचा गट आहे म्हणून. एका वाक्याचं काम आहे गं. उद्या सगळे परत येतील."

"बघू," मावशी म्हणाल्या. खरं तर सांगायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. आपल्याच माणसाचं वर्ष पाण्यात घालवण्याइतका कुठलाही नियम मोठा नाही, असं त्यांनी आदल्या दिवशी रंगाचा डबा हलवताना स्वतःला दहादा बजावलं होतं.

सभेला खुर्च्या कमी पडल्या. डॉक्टर पहिल्या रांगेत. भाची भिंतीला टेकून उभी. थोरले सर दाराशी, जणू त्यांचा यात काही संबंधच नाही. चिटणीसांनी दोन शब्द म्हणून बरेच शब्द घेतले आणि मावशींकडे हात केला. मावशी उठल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि अंगात अजून दुकानाचा पांढरा कोट होता.

"मला एकच बोलायचंय, मग मी जाते, दुकान उघडं आहे," ती म्हणाली. "माझी मुलगी शेवाळीत आहे. हिरव्या बुटांची. ती शाळेत कुणाशी बोलायची नाही. खेळात कुणी घ्यायचं नाही तिला. आता थोरल्या सरांच्या गटात निवड झाली म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीय. आरशापुढे उभी राहून म्हणते, मी निवडलेली आहे. तुमची जी काय भांडणं असतील ती असू देत, पण गट बदलू नका हो. एवढंच."

ती खाली बसली नाही, खरंच निघून गेली.

मावशी उभ्याच होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि भिंतीपाशी भाचीही. ते एक वाक्य मावशींच्या तोंडात तयार होतं. पण ते आता बाहेर पडलं असतं तर आरशापुढच्या त्या मुलीपर्यंत पोचायला एक संध्याकाळही लागली नसती. त्या म्हणाल्या, "गट आहेत तसेच आहेत. आपल्याकडे वरचा-खालचा नसतो. ज्यांना पटत नसेल त्यांचा नाइलाज आहे." आणि त्या बसल्या.

डॉक्टर म्हणाले, "मग आमचाही नाइलाज आहे."

डाळिंबी मोडला. काही मुलं दुसऱ्या क्लबांत गेली, उरलेली शेवाळीत घातली. थोरले सर भाचीला म्हणाले, "माझ्याबरोबर रहा, मदतीला." ते मनापासून म्हणाले, पण मदतनीसाचं काम धरत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. भाचीने शिट्टी टेबलावर ठेवली.

"एक वाक्य होतं, मावशी."

"हो," मावशी म्हणाल्या.

"मी तुझी सख्खी भाची आहे. ती पोरगी तुझी कोण?"

मावशींनी शिट्टी उचलून पुन्हा तिच्यापुढे धरली. भाची व्यायामशाळेच्या काउंटरवर परत गेली. बहिणीचा फोन आला, तो नवऱ्याने घेतला आणि "ती झोपलीय" म्हणून सांगितलं. मावशी समोरच बसून भाजी निवडत होत्या. त्या काळात दुकानात त्यांच्या दोन-तीन शेड चुकल्या. मालकाने विचारलं तर त्यांनी मशीनवर ढकललं.

एकत्र झालेल्या शेवाळीचा पहिला सराव होता. डॉक्टरांचा मुलगा कडेला एकटाच उभा होता. त्याचे मित्र दुसरीकडे गेले होते, शिकवणाऱ्या ताई दिसत नव्हत्या, आणि सगळी पोरं अनोळखी. बुटाच्या टोकाने तो माती उकरत होता. मावशी त्याला बोलवायला निघाल्या, पण त्यांच्या आधी हिरव्या बुटांची मुलगी त्याच्यापाशी पोचली. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"तू नवीन आहेस ना?" ती म्हणाली. "घाबरू नको. इथली मुलं जरा भारी आहेत, पण सर ओरडत नाहीत. मला पण आधी काही यायचं नाही. माझ्या मागे उभा राहा, मी दाखवते."

जो पोरगा तिला, तिच्या गटाला आणि शेजारच्या क्लबालाही एका दमात चकवून गेला असता, त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि निमूट तिच्या मागे जाऊन रांगेत उभा राहिला.

मावशींना हसू आवरेना. मग डोळे भरून आले, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. सांगण्याजोगं माणूस एकच होतं. सभेपासून भाची त्यांचा फोन घेत नव्हती. मावशींनी तरीही लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"बोल," भाची म्हणाली.

मावशींनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे हसण्याचा आवाज आला नाही. कुणीतरी व्यायामाचं वजन जमिनीवर ठेवल्याचा तेवढा आवाज आला. मावशींना वाटलं, तिने फोन ठेवला.

"डावा पाय वापरतोय का तो?" भाचीने विचारलं. "मी नुकतंच सुरू केलं होतं त्याचं डाव्या पायाचं."

मावशींनी ते बघितलंच नव्हतं.

"थांब, ठेवू नकोस," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला धरून दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.