चेरीच्या बागेवरचं हेलिकॉप्टर

माझे सासू-सासरे नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे सनीव्हेलला आले, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही सकाळी ऑफिसला गेलो की घरात ते दोघंच. आईंचं बरं चाललं होतं. कॉम्प्लेक्समध्ये त्यांच्या वयाच्या दोघी-तिघी होत्या, त्यांच्याबरोबर फिरणं, भाजी आणणं, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलणं, सगळं सुरू झालं होतं. बाबांचं मात्र जमेना. ते शेतीखात्यातून रिटायर झालेले. काटोल, वरुड, मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा तुडवण्यात सगळी नोकरी गेलेली. इथे ते बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. तक्रार काही नाही, पण विचारलं तेवढंच बोलायचे.

मेच्या शेवटी लाँग वीकेंड होता, म्हणून आम्ही त्यांना लेक टाहो दाखवायचं ठरवलं. निघायच्या आधी रेडिओवर सांगत होते की अलास्काकडून थंड हवेचं वादळ खाली येतंय, डोंगरात बर्फ पडेल आणि खालच्या सपाटीवर विजा आणि गारा. नवरा म्हणाला, "इथे मे महिन्यात कुठला पाऊस? जाऊया." मलाही ते पटलं. सनीव्हेलमध्ये लोक हाफ पँटीत फिरत होते.

डोंगर चढायला लागलो तेव्हा नुसती भुरभुर होती. मग काचेवर पडणारे थेंब जड झाले, फुटायच्या ऐवजी चिकटायला लागले, आणि एका वळणानंतर सगळा रस्ता पांढरा. पुढे गाड्यांची रांग होती. पिवळं जाकीट घातलेला रस्ता खात्याचा माणूस एकेका गाडीपाशी वाकून विचारत होता. चाकांना लावायच्या साखळ्या आमच्याकडे नव्हत्या. तो शांतपणे म्हणाला, "मग इथूनच मागे वळवा. वर दोन गाड्या आधीच घसरून आडव्या झाल्या आहेत."

वळायच्या आधी नवऱ्याने गाडी कडेला घेतली. आई शाल गुंडाळून, मोज्यांवर चप्पल तशीच चढवून खाली उतरल्या आणि तोंड वर करून उभ्या राहिल्या. झाडांना नुकती कोवळी पानं फुटली होती आणि त्या पानांवर बर्फ साठून फांद्या वाकल्या होत्या. "जिनिंगच्या आवारात असाच कापूस उडते," त्या म्हणाल्या. बाबा गाडीतूनच त्या फांद्यांकडे बघत होते. "यंदा या झाडांचं काही खरं नाही," एवढंच म्हणाले.

सहल तिथेच संपली. मुलगा आईवडिलांना काहीतरी दाखवायला निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो, तसा नवऱ्याचा चेहरा झाला होता. मी मागच्या सीटवरून सगळ्यांना पोळीचे रोल दिले. डोंगर उतरून सपाटीला आलो तर तिथे ऊन पडलेलं. नवऱ्याला थोडं बरं वाटलं.

ते ऊन फार टिकलं नाही. स्टॉकटनच्या अलीकडे समोरचं आकाश शाईसारखं झालं. रेडिओवरचं गाणं थांबवून सूचना आली की या भागात टॉर्नेडो होऊ शकतो. आम्ही इतकी वर्षं कॅलिफोर्नियात होतो, पण भूकंपाशिवाय दुसऱ्या कशाला घाबरायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. तेवढ्यात आई म्हणाल्या, "ते काय लोंबून राहिलं?" लांबवर ढगातून खरंच एक बारीक सोंड खाली आली होती. जमिनीला टेकली नाही. हलत हलत तशीच वर गेली.

मग गारा सुरू झाल्या. टपावर इतका आवाज होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पुलाखाली गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, त्यात घुसणं धोक्याचंच होतं. नवऱ्याने पुढचा एक्झिट घेतला. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये अरुंद रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाशी पत्र्याची मोठी शेड. शेडच्या दारात एक म्हातारे सरदारजी उभे होते. ते हात हलवून आम्हाला आत बोलावत होते. गाडी आम्ही थेट आतच नेली.

ती चेरीची बाग होती. तोडणी दोन-चार दिवसांवर आलेली. आत रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या आणि सरदारजींच्या बायको एका कोपऱ्यात स्टूलवर बसून जपमाळ ओढत होत्या. आम्ही दिसल्यावर त्या उठल्या आणि न विचारता चहा ठेवला.

बाबा उतरून सरळ दारात सरदारजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पत्र्यावर आवाज चालू होता तोवर दोघंही नुसतेच बाहेर बघत होते. गारा थांबून पाऊस राहिला तेव्हा बाबांनी हिंदीत विचारलं, "किती बहार येतात?"

"एकच," सरदारजी म्हणाले. "वर्षाला एकच."

"आमच्या संत्र्याला दोन. एक गेला तर दुसरा असतो."

"मग तुम्ही नशीबवान."

"त्यातल्या अंबिया बहाराच्या वेळी मार्चमध्ये गारा पडतात," बाबा म्हणाले. "पडल्या की दुसऱ्या दिवशी मला पंचनाम्याला जावं लागायचं. लोक चहा द्यायचे. तो पिणं जड जायचं."

सरदारजींनी तेव्हा पहिल्यांदा बाबांकडे नीट बघितलं. मग ते समजावून सांगायला लागले. गारांनी फळावर डाग पडतात ते वेगळं, पण खरी भीती साचलेल्या पाण्याची. देठापाशी खळगा असतो, त्यात पाणी राहिलं की साल ते पिते आणि पिकलेली चेरी तडकते. म्हणून पाऊस थांबल्याबरोबर झाडं वाळवायची.

"एवढी झाडं वाळवायची कशी?" नवऱ्याने विचारलं.

"थांबा जरा. येतोय तो."

पाऊस थांबला, ढग पूर्वेला सरकले, आणि चहाचे कप हातात असतानाच घरघर ऐकू आली. एक छोटं हेलिकॉप्टर बागेवर आलं आणि झाडांच्या शेंड्यांच्या अगदी जवळ येऊन सावकाश ओळीओळीने पुढे सरकायला लागलं. पंख्याच्या वाऱ्याने फांद्या पिळवटत होत्या आणि पाण्याचे फवारे उडत होते. आईंनी कपाळाला हात लावला. "केस वाळवून राहिलेत बाप्पा झाडांचे." बाबा हसले. इथे आल्यापासून ते असे मोकळेपणी हसलेले मी पाहिले नव्हते.

नंतर दोघं म्हातारे चिखलात बूट रुतवत बागेत गेले. जाताना सरदारजींनी बाबांना आपले जुने गमबूट दिले होते, ते त्यांना मोठे होत होते. प्रत्येक ओळीत थांबून, फळ तोडून, उजेडात फिरवून, चावून बघत होते. बऱ्याच वेळाने परत आले ते बोलत बोलतच. रस्त्याकडची बाजू गारांनी झोडपली होती, ती गेलीच. पण मागचा मोठा भाग वाचला होता. सरदारजींच्या बायकोने ते ऐकलं आणि जपमाळ डब्यात ठेवून कणीक भिजवायला घेतली. जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

परतीच्या वाटेवर बाबा सनीव्हेल येईपर्यंत बोलत होते. चेरीला थंडी किती लागते, मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने कशा आणतात, छाटणी आमच्यापेक्षा कशी वेगळी. पुण्यात वाढलेल्या मला त्यातलं निम्मंच कळलं, पण ऐकायला छान वाटत होतं. टाहोचं नावही कोणी काढलं नाही.

चार दिवसांनी सरदारजींचा फोन आला. तोडणी सुरू झाली होती आणि ते बाबांना बोलावत होते. नवरा त्यांना सोडून आला. बाबा तिथे आठवडाभर राहिले. शेडमध्ये फळं वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून तडकलेल्या चेरी बाजूला काढायचं काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं. रोज संध्याकाळी आईंना फोन यायचा, आणि आई एका कानाला फोन लावून भाजी निवडत नुसतं "हो का, हो का" करायच्या.

आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा त्यांची बोटं पार जांभळी झाली होती. "अजून एका ओळीची फळं निवडायची राहिली आहेत," ते म्हणाले, आणि आम्हाला शेडबाहेर बाकावर बसवून पुन्हा आत गेले.