होता आणि असावा

गावित सर गेल्याची बातमी मला धुळ्याच्या बसस्टँडवर कळली. मी लेकीकडे यावलला निघाले होते. आमच्या शाळेतले जुने शिपाईमामा समोरून आले आणि त्यांनीच सांगितलं. मला रडू आलं नाही. सर नऊ वर्षांपूर्वीच संपले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं...

योसेफ गावित आमच्या शाळेत इतिहास शिकवत, मी मराठी. एकाच चाळीत तेव्हा आमच्या खोल्या, भिंतीला भिंत. त्यांची बायको मार्थाअक्का दवाखान्यात नर्स. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. सरांचे आजोबा साक्रीकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती झाले, तेव्हा गावाने त्यांना विहीर बंद केली. मरेपर्यंत त्यांनी नदीचं पाणी वाहिलं. सर हे अभिमानाने सांगत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांनी सहज विचारलं, की आपल्या राजांची पत्रं आहेत, शिक्के आहेत. तुमच्या येशूचं काय आहे? त्यात चेष्टा नव्हती. बघून सांगतो, म्हणाले सर, आणि खरंच बघायला लागले. पुण्याहून पुस्तकं मागवली, दोन-तीन वर्षं वाचत राहिले. धर्मग्रंथाबाहेर हाती लागल्या त्या मोजक्या ओळी, त्याही ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं अशांनी लिहिलेल्या. एका ठिकाणी तर मागाहून कुणीतरी भर घातलेली. बहुतेक अभ्यासक तो होऊन गेला असंच मानतात, हेही सर प्रामाणिकपणे सांगत. "पण मी वर्गात काय शिकवतो, बाई? पाहिलेल्याची साक्ष हवी. मग मला फार तर 'असावा' म्हणता येतं. 'होता' नाही म्हणता येत."

त्यानंतर प्रार्थनेत त्यांचे ओठ हलत, पण आवाज नसे. अक्कानेच मला सांगितलं. मग नऊ वर्षांपूर्वी अक्काला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा काय ते आम्ही समजलो. एका दुपारी मी तिला मागून टेकू देऊन पेज भरवत होते. तिने सरांचा हात धरून विचारलं, "तो व्हता ना?"

तिच्या डोक्यामागून मी त्यांना खुणावत होते, हो म्हणा, नुसतं हो म्हणा.

"माले माहीत नही, मार्था."

तिने हात काढून घेतला नाही. तोंड तेवढं भिंतीकडे फिरवलं. पुढचे चार दिवस ती कुणाशीच बोलली नाही, आणि गेली.

सरांनी सगळी पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. चर्चला मात्र जात राहिले. मागच्या बाकावर बसत, गात नसत. गेल्या महिन्यात मी त्यांना बघायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का?" मी हो म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी मान डोलावली. "मलाही तसंच वाटतं, बाई. पण तिने आज विचारलं, तरी जमणार नाही."

त्यांचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून घरमालकाने खोली आवरायला मला बोलावलं. अक्काच्या पलंगावर धुतलेली चादर, एक सुरकुती नाही. खाली फरशीवर सरांची सतरंजी. पलंगाला टेकवून एक वेताची खुर्ची, बैठक पार खचलेली, तोंड उशीकडे... मी काही हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी घरमालकाने सगळं भंगारवाल्याला दिलं.