माळीभाऊंची निर्गुडी

माळीभाऊ कोणालाही साहेब म्हणत नसत. चामोर्शीपलीकडच्या एका वनविश्रामगृहात ते रोजंदारीवर बाग सांभाळीत. समोर वनरक्षक असो की वरिष्ठ अधिकारी, त्यांच्या तोंडी एकच संबोधन होते: भाऊ. बातम्यांच्या निमित्ताने मी तिथे अनेकदा उतरलो. मीही भाऊच होतो.

बागेत गुलाब होते, शेवंती होती. माळीभाऊंचा जीव मात्र कुंपणाच्या निर्गुडीवर. नदीकाठच्या काड्या आणून ती त्यांनीच लावली होती. उन्हाळ्यात तिला पाणी लागत नसे, शेळ्या तिला तोंड लावत नसत आणि पावसाळ्यात कुंपण निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाई. "गुलाब पाहुना हाय," ते म्हणत. "त्याले रोज पुसा लागते. हिले कोनी पुसत नाई, तरी उभी हाय."

गावातली माणसे पाल्यासाठी येत. धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून सांधे धरलेल्या बाया तव्यावर गरम केलेला पाला गुडघ्याला बांधत. वाळलेला पाला धानाच्या कोठीत जाई, कीड लागू नये म्हणून. माळीभाऊंची अट एक: आदल्या संध्याकाळी यायचे, बुडाशी चार तांदूळ ठेवून झाडाला मागायचे, पाला सकाळी न्यायचा. कोणी पाय मुरगळून आला तर म्हणत, "ने. तुह्यासाठी मीनंच काल मागून ठेवलं."

एका वर्षी मोठ्या पाहुण्यांचा दौरा ठरला. आदल्या दिवशी नवे अधिकारी पाहणीला आले. निर्गुडी काढून तिथे शोभेच्या कुंड्या मांडण्याचा हुकूम झाला.

"जंगली दिसतं हे," ते म्हणाले.

"जंगलाच्या बंगल्यात जंगली नाई तं काय लावावं, भाऊ?"

"तोडायला घ्या."

"लावली मीनं. मी नाई तोडत."

गावातून पाच मजूर बोलावले गेले. कुदळी खाली ठेवून त्यांनी माळीभाऊंनाच विचारले, "काल तांदूळ ठेवले का?"

"नाई."

"मंग कसं करावं?"

"आज ठेवा. उद्या तोडा."

दौरा उद्याच होता. अधिकारी ओरडले. पाचही जण सावलीत जाऊन बसले आणि एकाने शांतपणे तंबाखू मळायला घेतली. कुंपण राहिले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, चहा घेऊन गेले. कुंपणाकडे कोणी पाहिले नाही.

आठवड्याने कार्यालयातला बाबू टाइप केलेला कागद घेऊन लंगडत आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. कर्तव्यात कसूर झाली, क्षमा असावी, असा मजकूर होता. सही केली तर काम राहणार होते.

"करून टाका, भाऊ. या वयात कुठी जाता?" बाबू म्हणाला.

माळीभाऊंनी कागद दोनदा वाचला. "चूक असती तं मीनंच लेहून देल्लं असतं," ते म्हणाले. मग बाबूच्या पायाकडे पाहिले. "गुडघा सुजला नं तुमचा?"

ते कुंपणाकडे गेले. ओंजळभर पाला खुडला, माफीनाम्यात नीट गुंडाळला आणि पुडी बाबूच्या हातात दिली.

"तव्यावर गरम करून बांधा. तीन दिवस."

मग खोपटाच्या कुडाला अडकवलेला सदरा घालून ते फाटकाबाहेर पडले.