वाढत्या अंगाचा क्यू

वाढत्या अंगाची वस्तू म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी भर क्लबात सासऱ्यांवर का भडकले ते नीट कळेल. माझं लहानपण नवीन पनवेलला दोन खोल्यांत गेलं. फ्रॉक घ्यायचा तो पोटरीपर्यंत, बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून, आणि वर 'येईल अंगाला हळूहळू!' अंगाला येईपर्यंत ते विटलेलं असायचं. माझ्या मापाचं म्हणून पहिलं काही अंगावर आलं असेल तर लग्नातलं ब्लाउज.

लग्न करून ओवे गावात आले. वाटलं, सुटले! कसलं काय. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. एके काळी भातशेती, मिठागर आणि दारात शर्यतीचे बैल. आता शेतांवर इमारती आहेत, आणि घराखाली जिथे बैल बांधलेले असायचे तिथे काय आहे माहितेय? पूल टेबल! कोन गावाजवळचं एक हॉटेल बंद पडत होतं, तिथलं सामान विकायला काढलेलं. आबांनी टेबल बघितलं आणि हात फिरवून म्हणाले, "कवरं हिरवंगार हाय गो, आपल्या शेतासारकं." आणि आणलं की टेम्पोत घालून! खेळायचं कसं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. आजोबा आणि नात दोघांनी मोबाइलवर बघून बघून शिकून घेतलं.

नात म्हणजे माझी मुलगी. चणीने एवढीशी. सातवीत आहे, पण लोक विचारतात चौथी का पाचवी? टेबलाबरोबर दोन-चार जुने क्यू, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, आल्या होत्या. त्यातला एक कोणीतरी मागून कापून आखूड केलेला होता, रंग उडालेला, दिसायला भिकार. तो तिने उचलला आणि पोरगी काय खेळायला लागली म्हणता! बापाला हरवलं, काकाला हरवलं, खालच्या गल्लीतली दाढीवाली पोरं 'एकच गेम, एकच गेम' करत यायची आणि मान खाली घालून जायची. मला तर उकळ्या फुटायच्या. शेवटी नवीन पनवेलच्या क्लबमधल्या सरांनी तिला बघितलं आणि म्हणाले, मुलींची टीम बाहेरगावी खेळायला न्यायचीय, चाचणीला आणा. झालं! त्या दिवसापासून तिला जेवताना टीम, अंघोळीला टीम, झोपेतसुद्धा टीम.

आणि नेमका दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची, कोयत्या-विळ्याची पूजा असते. त्या सकाळी आबा मखमलीची लांबलचक पेटी घेऊन आले. आत कोरा करकरीत क्यू. चमकता, मुठीला नक्षी. पोरगी आनंदाने किंचाळली. तिने तो शेजारी उभा केला तर तिच्या डोक्याच्या चार बोटं वर!

"आबा, हा फार लांब होतोय तिला," मी म्हटलं.

"आगं, पोर वाढंल का नाय? दर साली नवीन काय घ्याची? वाढत्या अंगाची आनलीय."

आली का पंचाईत! मी तोंड उघडणार तेवढ्यात हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल चढलं, नारळ फुटला. आता पूजलेली वस्तू, तीही घरातल्या मोठ्या माणसाने दिलेली. आमच्या घरात ती बाजूला ठेवायची कोणाची टाप नाही.

तेव्हापासून पोरीचा खेळ बिघडला. साधे साधे बॉल चुकायला लागले. मी एकदा तिच्या मागे उभी राहून नीट पाहिलं. मला पूलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मापातलं कळतं. जुना क्यू घेऊन वाकली की फटक्याच्या वेळी हात कोपरापासून सरळ खाली लोंबायचा, आणि मुठीच्या मागे चार बोटं लाकूड उरायचं. नव्या क्यूची नक्षीदार मूठ धरायची म्हणजे तिला हात पार मागे ताणावा लागायचा, विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा. पुढे धरला तर मागे वीतभर शेपूट राहायचं, ते जड, आणि पुढचं टोक लटलट हलायचं. सरांनीही तिला सांगितलं होतं, क्यू उभा केला की हनुवटीच्या आसपास यावा, तुझा बदल. पण ऐकेल तर शपथ!

वेणी घालताना मी विचारलं, "का गं, जुना का घेत नाहीस?"

"आबांना वाईट वाटेल."

"आणि टीम?"

ती हळूच म्हणाली, "आबा रोज खाली येऊन बसतात गं, नवीन क्यू बघायला."

वेणी जरा जास्तच घट्ट बांधली गेली माझ्याकडून. आबांशी बोलायला गेले तर "व्हईल सवय" म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

चाचणीच्या रविवारी सकाळी आबा पांढरे कपडे, टोपी घालून सगळ्यांच्या आधी तयार. मी जुना क्यू चादरीत गुंडाळून गाडीत मागे टाकला. कोणाला विचारलं नाही. बाकीची टीम ठरून गेली होती, एकच जागा उरली होती आणि दावेदार दोघी. आमची टिकलीएवढी पोरगी आणि एक उंच मुलगी, आमचीपेक्षा हातभर उंच. तीनपैकी दोन गेम जिंकेल ती टीममध्ये. काळा बॉल शेवटी घालायचा, एवढं मलाही माहीत होतं.

पहिला गेम बघवेना. पोरगी वाकायची, क्यूचं टोक डुगडुगायचं, पांढरा बॉल भलतीकडेच. एकदा तर ज्याने बाकीचे मारायचे तो पांढराच पॉकेटात गेला. बघता बघता गेम हातातून गेला. ती वळली तेव्हा डोळे भरलेले. आणि आबा शेजारी मान हलवत म्हणतायत, "व्हईल, व्हईल सवय."

माझा बांध फुटला. म्हटलं, "आबा, शर्यतीला नवीन खोंड तयार करताना तुम्ही त्याच्या मानेवर मोठ्या बैलाचं जू ठेवायचात का? वाढेल म्हणून?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. बघू देत! आबा लाल झाले.

"खोंडाच्या मानंवर? मान मोडंल त्याची! काय बोलतंस तू?"

"मग ही कोण आहे? तिची मान मोडतेय, आबा. समोर बघा. ती तुमच्यासाठी हरतेय. आज हरली की क्यू कायमचा खाली ठेवणार ती, मी आई आहे तिची, मला कळतं!"

आबा नातीकडे बघत राहिले. ती त्या लांब क्यूच्या आडोशाला उभी राहून बाहीने डोळे पुसत होती. मग ते उठले, मला म्हणाले, "जुनी कुठं हाय?" मी धावले ना गाडीकडे! चप्पल एका पायातली निघाली तरी थांबले नाही. चादर सोडून क्यू त्यांच्या हातात दिला, आणि ते स्वतः टेबलापर्यंत चालत गेले.

"दे ती इकडं. ही घे."

"पण आबा, पूजा केलेली..."

"देवाला मी सांगतंय काय ते. तू खेल."

आणि काय खेळली हो! दुसऱ्या गेमला समोरच्या मुलीची पाळी जेमतेम आली. टक, टक, टक, बॉल मुकाट पॉकेटात जात होते. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. मी तर बाजूच्या अनोळखी बाईंचा हात धरून दाबत होते, त्या बिचाऱ्यांनी तो तसाच राहू दिला.

तिसरा गेम मात्र अटीतटीचा. ती उंच मुलगीही काही कच्ची नव्हती. दोघींचे बॉल संपले आणि टेबलावर उरला काळा, पार पलीकडच्या टोकाला, आणि पाळी आमची. आबा तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे, लांब क्यू दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. पोरगी वाकली. कोपरापासून हात सरळ खाली. आवाज आला, आणि काळा निघाला. इतका हळू, इतका हळू की मला वाटलं आपणच जाऊन ढकलावा.

"गेला का गो?" आबांनी न वळता विचारलं.

तेवढ्यात क्लबभर ओरडा झाला आणि आबांना उत्तर मिळालं.

पोरगी धावत आली. मी हात पसरले, तर बाईसाहेब माझ्या बगलेखालून निघून थेट आबांसमोर. टीमचं नाव नाही, जिंकले म्हणून नाही. पहिलं काय विचारलं तर, "आबा, तुम्ही रागावला नाहीत ना?"

"रागावलो ना गो," आबा म्हणाले. "माज्यावर." तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या क्लबाकडे वळून ओरडले, "आरं, बघताव काय? टाल्या वाजवा की!"

मी वाजवल्या. रडत रडत, हात लाल होईपर्यंत वाजवल्या.