पाखरं दाखवणारा माणूस

मुखेडजवळच्या तळ्यावर तो मला एकदाच भेटला. सुट्टी म्हटली की गोवाच, अशा आम्हा मित्रांना त्यानं फोनवरून आग्रहानं आपल्या गावची पाखरं बघायला बोलावलं होतं. आवाज होऊ नये म्हणून तो चपला हातात घेऊन चालत होता आणि बोलत होता तेही कानाशी.

तेवढ्यात गावकरी आमच्या स्वागताला हलगी वाजवत आले. त्यांनी शाली घातल्या, फटाक्यांची माळ लावली. तळ्यावरची झाडून सगळी पाखरं उठली.

तो गावावर चिडला नाही. रिकाम्या पाण्याकडं बघत हळूच म्हणाला, "पाहुणा आला की वाजवावंच लागतंय साहेब. समुद्राचं बरं हाय. किती बी वाजवा, उडून जात न्हाई."

गाडी सुटायच्या आतच आमचा गोव्याचा बेत ठरला. मागं वळून पाहिलं, तर चपला अजून त्याच्या हातातच होत्या.