मुलाखतीतली परकी भूमी

बेंगळुरूतलं आमचं सोनं-चांदी गाळायचं दुकान आजोबांनी सुरू केलं, आता मी चालवते. इथल्या मराठी व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकानं माझी मुलाखत छापली. अंक आला तसे शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले अण्णा कौतुकानं आले. त्यांना मराठी वाचता येत नाही. "काय लिहिलंय ते कानडीत सांग की, अक्का," म्हणाले.

मी सांगू लागले आणि एका वाक्याशी अडखळले. 'परक्या भूमीत, परक्या लोकांत आम्ही मराठी बाणा राखला,' असं माझ्या तोंडी घातलं होतं. मी असलं काही बोललेच नव्हते. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला हेच अण्णा पुढे आले होते. ते वाक्य मी त्यांना सांगितलंच नाही.

अण्णा गेल्यावर मी संपादकांना फोन लावला. ते पुण्याहून इथे येऊन स्थायिक झालेले.

"ताई, तुमच्या बोलण्यात कानडी फार. जरा शुद्ध करून घेतलं, इतकंच."

"शुद्ध करा हो, पण मी न बोललेलं कसं छापलंत? माझा जन्म इथला!"

"वाचकांना असंच आवडतं. आणि तुमचा सत्कारही ठेवलाय आम्ही."

"सत्कार राहू दे. चूक झाली म्हणून छापा."

त्यांनी ते छापलं नाही. सत्काराला मी गेले नाही. परवा एका लग्नात ते समोर आले आणि हात जोडून हसले. मी तोंड फिरवलं. त्यांच्यावरचा राग जावा, असं मला वाटतही नाही.